कोंबड्यांना न चाललेला मका

नाना,

दुकानात तुमचा जो फोटो लावलाय त्यात तुम्ही हसताय, आणि मला तो बघवत नाही. सत्काराच्या दिवशीचा आहे. गळ्यात हार, खांद्यावर शाल, आणि चेहऱ्यावर आयुष्यात काही चुकलं नाही अशा माणसाचं समाधान. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाशी भांडू नये असं आई म्हणते. पण तुम्ही होतात तेव्हा भांडण पुरं कुठे झालं? तुम्ही दरवेळी फोन उचलायचात, नाहीतर गिऱ्हाईक यायचं, नाहीतर तुम्हाला झोप यायची. आता तुम्हाला कुठे जायचं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी दप्तरासकट पंचवटीतल्या दुकानात यायचे. मागच्या गोदामात मक्याचा ढीग असायचा, माझ्यापेक्षा उंच. तुम्ही त्यात कोपरापर्यंत हात घालून आतला दाणा काढायचात. वरचा दाणा सगळ्यांचाच चांगला असतो, असं म्हणायचात. तो माझ्या दाढेखाली द्यायचात. कट्ट वाजला तर सुका, दबला तर ओला. ओला माल दडपून ठेवला की आतून गरम होतो आणि त्याला बुरशी धरते, हे मी कुठल्याही पुस्तकाआधी तुमच्याकडून शिकले. एकदा मी चपलेसकट त्या ढिगावर चढले. तुम्ही माझ्यावर कधी हात उचलला नाहीत, त्या दिवशीही नाही. पण सगळ्या हमालांसमोर मला दंडाला धरून खाली उतरवलंत आणि म्हणालात, "हे कुणाच्या तरी ताटात जाणार आहे. ताटावर पाय देतेस?" मी रडत घरी गेले. तरी मनातून तुमचा अभिमानच वाटला. माझे वडील अन्नाला पाय लावू देत नाहीत, असं मी वर्गात सांगत सुटले होते.

मला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायचं होतं तेव्हा काका म्हणाले, मुलीला एवढं शिकवून दुकानात बसवणार आहेस का. तुम्ही त्यांना उत्तर दिलं नाहीत, फक्त माझी फी भरलीत. निकाल लागल्यावर तुमच्या नेहमीच्या शिंप्याकडून माझ्यासाठी पांढरा एप्रन शिवून आणलात. विकतचे एप्रन पातळ असतात म्हणून जाड सुती कापड स्वतः निवडलं होतंत. त्याला तुमच्या बंडीला असतो तसा आतून एक चोरखिसा होता. मी विचारलं, प्रयोगशाळेत चोरखिसा कशाला? तुम्ही म्हणालात, "असू दे. कामाच्या माणसाला लागतो." हे सगळं मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर पुढचं सोपं गेलं असतं.

मला नोकरी लागली ती ओझरच्या रस्त्यावरच्या कोंबडीखाद्याच्या कारखान्यात. तिथे दिवसभर मक्याचे ट्रक यायचे, आणि त्यातले काही तुमचेच असायचे. मी रुजू होण्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या खाद्याने कोंबडीवाल्यांची पिल्लं पटापट मेली होती. फाडून बघितलं तर आतलं यकृत पिवळं आणि भुसभुशीत. मक्याला धरलेल्या बुरशीचं विष होतं ते. मालक हादरले आणि त्यांनी एक छोटी प्रयोगशाळा उभी केली. काम तसं साधं. दाणे दळायचे, द्रवात घुसळायचे, गाळायचे, त्यातला थेंब काचेच्या पट्टीवर ठेवायचा आणि शेवटी ती पट्टी काळ्या पेटीत घालून जांभळ्या दिव्याखाली बघायची. माल चांगला असेल तर अंधार. विष असेल तर निळा ठिपका चमकतो. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला तो सुंदर वाटला होता.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तुम्ही मला विचारलंत, "निळं दिसतं म्हणजे नक्की कसं?" आई भाकरी थापत होती. मी तिच्या परातीतलं पीठ ओट्यावर पसरलं आणि बोटाने पट्टी काढून दाखवली. तुम्ही खोदून खोदून विचारलंत. बुरशी घासून काढली तर? मी म्हणाले, विष दाण्यात राहतं. उन्हात घातलं तर? बुरशी थांबते, झालेलं विष राहतं. भाजलं, शिजवलं तर? तरी बरंचसं उरतं. चांगल्या मक्यात मिसळलं तर? पातळ होतं, जात नाही. माणसाने खाल्लं तर? मी म्हणाले, तेच. यकृत. कोंबडीला लवकर, माणसाला हळूहळू, आणि फार खराब माल असेल तर माणसालाही लवकर. तुम्ही मान हलवत राहिलात आणि आईला म्हणालात, "बघ, पोरीने आज बापाची शाळा घेतली." नाना, ही संध्याकाळ मी एवढ्यासाठी लिहून ठेवते आहे की तुम्हाला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. तुम्हाला मी सांगितलं होतं. आपल्या ओट्यावर, पिठात काढून.

त्याच वर्षी ऐन काढणीत पाऊस आला. कणसं शेतात भिजली, खळ्यात भिजली, ट्रकमध्येही भिजली. कारखान्याच्या गेटवर उभं राहिलं की ट्रकची ताडपत्री उघडायच्या आधीच कुबट वास यायचा. नमुन्याच्या पिशवीवर व्यापाऱ्याचं नाव नसे, नुसता नंबर असे. एका नमुन्याची पट्टी पेटीत घातली आणि एवढा लख्ख निळा ठिपका मी तोवर पाहिलेला नव्हता. मी शेरा मारला, परत. थोड्या वेळाने मॅनेजर आत आले. दार लावून म्हणाले, "मॅडम, हा ट्रक कुणाचा आहे, कल्पना आहे?"

"नाही."

"तुमच्या वडिलांचा. हवं तर पुन्हा तपासा. घाई नाही."

मी पुन्हा तपासलं, वेगळ्या पोत्यांतून दाणे काढून. कारण हे विष सगळीकडे सारखं नसतं, एक पोतं स्वच्छ आणि शेजारचं भरलेलं असू शकतं. दुसऱ्या वेळी ठिपका आणखी गडद आला. मी म्हणाले, परत पाठवा. गेटवाल्याने रीतीप्रमाणे प्रत्येक पोत्यावर लाल रंगाने फुली मारली आणि ट्रक वळला. मी खिडकीतून बघत होते.

घरी आले तर तुम्ही जेवायला बसलेले होतात. म्हणालात, "माझा ट्रक परत पाठवलास म्हणे." आईने तव्यावरची भाकरी उलटली. मी म्हणाले, हो. तुम्ही माझ्या ताटात भाकरी वाढलीत, तिच्यावर स्वतःच्या हाताने तूप घातलंत आणि म्हणालात, "बरं केलंस. मालात खोट होती तर परत यायलाच पाहिजे. आज तू सोडला असतास तर मला तुझी लाज वाटली असती." त्या जेवणाची चव माझ्या तोंडात कित्येक दिवस होती. पुढे तुम्हीच हा किस्सा बाजारात सांगायला लागलात. माझ्या पोरीने माझाच ट्रक परत पाठवला. लोक हसायचे, तुमच्या पाठीवर थाप मारायचे. ज्याच्या घरातच तपासणी आहे त्याचा माल डोळे झाकून घ्यावा, असं म्हणायचे. रस्त्यात भेटलेले व्यापारी मला नमस्कार करायला लागले. मी तरंगत होते, नाना. पण ट्रक परत गेला म्हणजे कुठे गेला, असा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. गेटबाहेर पडलेली वस्तू जगातून नाहीशी होते असं मी धरून चालले होते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आई मला दिंडोरीकडे मामाच्या मळ्यात घेऊन गेली. द्राक्षांचे घड भरत आले होते. कामाला सुरगाण्याच्या डोंगरातली कुटुंबं होती. ती दरवर्षी ऑक्टोबरच्या छाटणीला उतरायची आणि बागेच्या कडेला पालं ठोकून राहायची. मी तिकडे फिरायला गेले आणि मला तो वास आला. कारखान्याच्या गेटवर यायचा तोच. एक म्हातारी तीन दगडांच्या चुलीवर मका भाजत होती. तिच्या मागे पालाला टेकून पोती उभी होती. पोत्यांवर आपल्या दुकानाचा हिरवा पट्टा, आणि पट्ट्यावर लाल फुली.

मी विचारलं, "हा मका कुठला, आजी?"

"मुकादमानं टाकला. मजुरीत कापनार."

"खायला कसा लागतो?"

"कडू लागतो. आमाला नागलीच्या भाकरीची सवय, हा मका नाय गोड लागत. पन भाजला म्हंजी जातो घशाखाली."

पालाच्या आत तिची सून पडलेली होती. माझ्यापेक्षाही लहान असेल. तिने डोळे उघडले तेव्हा ते हळदीसारखे पिवळे होते. पोट वर आलेलं, हातपाय काड्या. म्हातारी म्हणाली, अन्न ठरत नाही तिला. मी घरात येऊन मामीला विचारलं, तर ती हळदीकुंकवाचं ताट मांडता मांडता म्हणाली, "पोटुशी आहे गं ती. ह्यांच्या बाया अशाच, दिवस गेले की काम टाळतात." आणि मक्याचं विचारलं तर म्हणाली, "तसलाच आहे तो. आपल्या कोंबड्यापण तोंड लावत नाहीत त्याला." हे तिने सहज सांगितलं, नाना. मामी वाईट बाई नव्हती. मला वाण देताना तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला.

मी प्रत्येक पोत्यातून मूठ मूठ मका पिशवीत घेतला आणि दुसऱ्या दिवशी तपासला. तुम्हाला काय सांगायचं. जांभळा दिवा लावायच्या आधीच मला उत्तर माहीत होतं. काम संपवून तशीच दुकानात आले. तुम्ही गादीवर बसून पानाला चुना लावत होतात.

मी विचारलं, "तो परत आलेला ट्रक कुठे गेला?"

"विकला."

"कुणाला?"

"तुझ्या मामाच्या मुकादमाला. स्वस्तात पाहिजे होता त्याला."

"त्यात काय होतं ते मी तुम्हाला सांगितलं होतं."

"अगं, परत आलेला माल काय गोदावरीत सोडू? बाजारात सगळे हेच करतात. कोण चांगल्यात मिसळून विकतो, कोण स्वस्तात काढतो. मी निदान मिसळला तरी नाही."

"माणसं खातायत ते."

तेव्हा तुम्ही पान दुमडलंत आणि अगदी शांतपणे, मला समजावून सांगितल्यासारखं म्हणालात, "हे बघ, कोंबडी ही नाजूक जात. तिला सोसत नाही. ही माणसं डोंगरातली. काय काय खाऊन जगतात. त्यांची पोटं वेगळी असतात."

तुमचा जुना हमाल तिथेच उभा होता, पाठीवर पोतं घेऊन. तोही त्याच डोंगरातला, पेठ गावाकडचा. त्याने ऐकलं आणि तो पोतं घेऊन आत गेला. मी तुम्हाला म्हणाले, "मग लहानपणी मला ढिगावरून खाली कशाला उतरवलंत? तेव्हा कुणाचं ताट होतं ते?" तुम्ही उत्तर देणार एवढ्यात फोन वाजला, आणि तुम्ही फोन घेतलात. नाना, मी एवढी वर्षं खूप विचार केला. तुम्ही खोटं बोलला असतात, मला माहीत नव्हतं म्हणाला असतात, तर मी कदाचित सोडून दिलं असतं. तुम्ही जे बोललात ते तुम्हाला मनापासून खरं वाटत होतं. पिठात काढून दाखवलेलं सगळं तुम्हाला समजलं होतं, फक्त त्यातलं माणूस म्हणजे ही माणसं, हे तुमच्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

मी गोदामात गेले आणि चांगल्या बाजरीची पोती टेम्पोत चढवायला सांगितली. तुम्ही अडवलं नाहीत, विचारलंही नाहीत. मळ्यात मामा चिडला. "तुझ्या बापाचाच माल हाये, मला काय सांगते? मी कुठं दाणा निवडत बसलो?" मी म्हणाले, बाजरी उतरवून घे आणि हा मका जाळायचा आहे. बांधाच्या पलीकडे खड्डा होता, त्यात पोती रिकामी केली. मका लवकर पेटत नाही. रॉकेल ओतलं तरी नुसता धुमसत होता, आणि तो कडवट धूर बागेवर पसरला म्हणून मामा आणखी ओरडला. त्या सुनेचा नवरा काठीने ढीग उकरत माझ्या शेजारी उभा होता. मी त्याला सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. मका विषारी होता, माझ्या वडिलांच्या दुकानातून आला होता, आणि तो परत पाठवणारी मी होते. तो म्हणाला, "कडू लागला तवाच मी मुकादमाला बोललो. तो म्हनला, ह्या शेठचा माल हाय, ह्याची पोरगीच माल तपासती, खराब कसा असंल."

नाना, हे वाक्य मी तुम्हाला त्या वेळी सांगितलं नाही, कारण ते मलाच पचलं नव्हतं. तुमचा तो किस्सा मुकादमापर्यंत पोचला होता. ज्या ट्रकमुळे तो किस्सा झाला, तोच ट्रक त्या किस्स्याच्या जोरावर विकला गेला. माझ्या कामाची एवढी क्रूर थट्टा वैऱ्यानेही केली नसती.

त्याच टेम्पोतून आम्ही तिला नाशिकला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. मी मक्याचं सांगितल्यावर त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, असू शकतं, पण हे इथे तपासता येत नाही, आणि दूषित पाण्यानेही अशीच कावीळ होते. जे करता येण्यासारखं होतं ते त्यांनी केलं. आठवडाभरात ती गेली. ती पोटुशी नव्हती. पोटात नुसतं पाणी झालं होतं. तिची दोन लहान मुलं वऱ्हांड्यात आजीजवळ बसून पाव खात होती. नवऱ्याने जीप ठरवली आणि तिला घेऊन ते सगळे डोंगरात परत गेले, हंगाम अर्धवट टाकून. मामाने दुसरे मजूर आणले.

मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं, ती गेली. तुम्ही ताक पीत होतात. पेला खाली ठेवलात. "वाईट झालं," म्हणालात. आणि पुढे, "पण मक्यानेच गेली कशावरून?"

मी खरं ते बोलले. म्हणाले, "शपथेवर नाही सांगता येणार."

"मग?" तुम्ही म्हणालात, आणि पेला उचललात.

त्या 'मग'चं मी काय करू? मला माझ्या शास्त्राने शिकवलं होतं की जेवढं सिद्ध आहे तेवढंच बोलायचं. तुम्ही माझा तो प्रामाणिकपणा उचललात आणि त्यावर टेकून बसलात. पुराव्याशिवाय बोलू नये हे कोंबड्यांच्या बाबतीत कुणी म्हटलं नव्हतं. पिल्लं मेली तेव्हा मालकांनी पुराव्याची वाट बघितली नाही, यकृत फाडून बघितलं आणि प्रयोगशाळा बांधली. कोंबडीचं नुकसान कुणाच्या तरी खिशाला लागतं. तिचं नुकसान कुणाच्या खिशाला लागलं नाही. एवढाच फरक, आणि त्या फरकाला तुम्ही पोट वेगळं म्हणालात. माणसांच्या धान्यात हे विष किती चालेल, याची मर्यादा कायद्यात तेव्हाही लिहिलेली होती. पण कायदा जांभळा दिवा घेऊन पालावर जात नाही.

मी मॅनेजरना म्हणाले, परत पाठवलेला माल सोडायचा नाही, आपणच पडत्या भावाने विकत घेऊन बॉयलरमध्ये जाळायचा. ते म्हणाले, "मॅडम, गेटबाहेरचा माल आपला नाही." हेच मी दरवर्षी पावसाळा संपला की मांडत राहिले. शेवटी एकदा त्यांनी ऐकलं, बहुतेक मला कंटाळून. काही व्यापारी माल द्यायला तयार झाले, बाकीचे बाहेर जास्त भाव मिळतो म्हणून ट्रक वळवून न्यायचे. काहींनी तर आधी पिशवीभर नमुना पाठवून बघायला सुरुवात केली, म्हणजे खराब माल गेटवर यायचाच नाही, कुठे जायचा ते कळायचंही नाही. पुढे मी ती नोकरी सोडली आणि द्राक्षं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेले. परदेशी जाणारी द्राक्षं. तिथली यंत्रं तुम्ही बघायला हवी होतीत. फवारणीचा अंश किती, ते कणाच्याही कणापर्यंत शोधायचं, कारण तिकडच्या लोकांच्या पोटात काही जाता कामा नये. मी ते काम मन लावून केलं. पण घड हातात आला की वाटायचं, हा छाटणाऱ्या बाईने आज काय खाल्लं हे विचारायला कुठलंच यंत्र नाही.

तुम्ही मात्र पुढे सुधारलात, हेही लिहिलं पाहिजे. गोदामात फरशी घातलीत, ताडपत्र्या घेतल्यात, ओल मोजायचं मीटर आणलंत, शेतकऱ्यांना बोलावून मका कसा वाळवायचा ते सांगायला लागलात. तुमचा माल खरंच चांगला झाला. व्यापाऱ्यांनी तुमचा सत्कार केला तो त्यासाठीच. मी पहिल्या रांगेत बसले होते, मांडीवर माझी लेक. तुम्ही बोलायला उभे राहिलात आणि तोच किस्सा सांगितलात. ट्रक, नंबराची पिशवी, मॅनेजरांनी दार लावणं, ताटातलं तूप, सगळं रंगवून. "बापाचा मुलाहिजा न ठेवणारी पोरगी मला देवाने दिली," म्हणालात आणि तुमचा आवाज भरून आला. सभागृहात टाळ्या थांबेनात. माझ्या शेजारच्या बाईंनी माझा हात दाबला. मी लेकीला उचललं आणि बाहेर जाऊन उभी राहिले. लोकांना वाटलं, मुलगी रडत असेल.

घरी आल्यावर तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसलात, शाल अजून खांद्यावरच. आईने चहा ठेवला. मी म्हणाले, "पुढचं का नाही सांगितलंत?"

"पुढचं काय?"

"ट्रक कुठे गेला ते."

तुम्ही खरोखर विचार केलात. मी तुमचा चेहरा निरखून बघत होते, कुठे तरी सोंग दिसेल म्हणून. दिसलं नाही. "कुठे गेला होता?" तुम्ही विचारलंत. आई म्हणाली, आता कशाला ते. मी म्हणाले, मामाचा मळा, सुरगाण्याची माणसं, ती सून. मग तुमच्या डोळ्यांत ओळख आली. "हां, ती काविळीची बाई," म्हणालात, आणि आईला साखर कमी घाल म्हणून सांगितलंत.

मी त्या दिवसापर्यंत समजत होते की तुम्ही आतल्या आत जळत असाल. पुरुषमाणूस आहे, बोलून दाखवत नाही. ताडपत्र्या, मीटर, फरशी, हे सगळं तिच्यासाठीचं प्रायश्चित्त असेल असं मी स्वतःला सांगितलं होतं, आणि त्यावर तुमच्याशी इतकी वर्षं हसत बोलत होते. ते प्रायश्चित्त नव्हतं. माल परत येऊ नये म्हणून केलेली सुधारणा होती. मी सुरगाण्याला जाऊन आले होते, तुम्हाला ठाऊक नाही. तिची मुलं आश्रमशाळेत शिकत होती. नवरा भाताच्या खाचरात उभा होता, त्याने मला ओळखलं आणि घरात नेऊन काळा चहा दिला. तो विसरला नव्हता. विसरणं त्याला परवडणारं नव्हतं.

सत्कारानंतर थोड्याच महिन्यांत तुम्ही गेलात, दुपारी झोपलात ते उठलाच नाहीत. मी रडले नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय, तिला रडवा. धक्का वगैरे काही नव्हतं. मी संतापलेली होते. शोकसभेत एकामागून एक माणसं उठत होती आणि तोच किस्सा सांगत होती, आणि प्रत्येकाच्या तोंडी तो गेटवर ट्रक वळतो तिथेच संपत होता. मला तुमची माफी नको होती, नाना. मेलेल्या माणसाने तर माफी मागूच नये. तुम्ही जिवंत असताना एकदा, चहा पिताना, भाजी निवडताना, कधीही, तिची मुलं काय करतात गं, एवढं विचारलं असतंत तर मी उरलेलं सगळं गिळलं असतं. नाही विचारलंत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. आईला तर नाहीच. राग अजून तेवढाच आहे, लिहून कमी होईल असं वाटलं होतं, झाला नाही. फक्त एक कबूल करते. मघाशी, त्या सुनेचं लिहून झाल्यावर, हात दुखला म्हणून थांबले, आणि पुन्हा लिहायला घेतलं तेव्हा पहिली ओळ अशी उमटली होती: नाना, जेवलात का? ती मी खोडली आहे.